डॉस प्रॉम्प्टपासून काळ्या खिडकीपर्यंत

स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप आला तेव्हा मी विचारले, "कशावर लिहू?" समितीतल्या मैत्रिणीचे उत्तर तयार होते. "तू कॉम्प्युटरवाला ना, मग कॉम्प्युटरवर लिही. पण सगळ्यांना कळेल असं लिही बाबा." ही अट अवघड आहे. आपल्या १९९७ च्या दहावीच्या बॅचमध्ये आज शिक्षक आहेत, रांजणगाव एमआयडीसीत तिन्ही पाळ्या करणारे आहेत, कांदा आणि ऊस पिकवणारे आहेत, आणि हिंजवडीला दिवसभर स्क्रीनसमोर बसणारेही आहेत. या सगळ्यांनी एकदा तरी पाहिलेली आणि बहुतेकांनी घाबरून बंद केलेली एक गोष्ट मी निवडली आहे. संगणकावर कधीतरी उघडणारी ती काळी खिडकी, जिच्यात पांढऱ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेले असते आणि पुढे एक छोटी रेघ लुकलुकत राहते. तिचे नाव कमांड प्रॉम्प्ट. ती कुठून आली, कुठे लपली आणि या स्मरणिकेचे काम चालू असताना तिचा आपल्याला काय उपयोग झाला, एवढेच सांगतो.

दहावीची परीक्षा झाली आणि सुट्टीत वडिलांनी मला घोडनदीला एका कॉम्प्युटर क्लासला घातले. (आपली मुले आता शिरूर म्हणतात. आपण घोडनदीच म्हणायचो.) कवठ्याहून सकाळची एसटी पकडायची, क्लासच्या दारात चपला काढायच्या, हात पुसायचे आणि आत जायचे. आत तीन मशिन, त्यांच्यावर शिलाई मशिनवर घालतात तसे कापडी झाकण. एका मशिनपुढे दोन विद्यार्थी. अभ्यासक्रम ठरलेला: डॉस, वर्डस्टार आणि लोटस. मशिन चालू केले की आतून घरघर यायची, पडद्यावर आकडे पळायचे आणि मग सगळे शांत होऊन काळ्या पडद्यावर एवढेच उरायचे:

सी:\>

पुढे लुकलुकणारी रेघ. बस्स. ना चित्र, ना बटण, ना माउस. त्या काळी ही खिडकी उघडायची कशी हा प्रश्नच नव्हता, कारण उघडायला दुसरे काही नव्हतेच. संगणक म्हणजे तीच. आपण काही टाइप करून एंटर मारेपर्यंत ते यंत्र दिवसभर तसेच बसून राहिले असते.

या चिन्हाला प्रॉम्प्ट का म्हणतात, हे मला क्लासमध्ये कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. खरे तर आपल्या गावच्या पोराला ते सांगावेच लागू नये. लोककवी मोमीन कवठेकरांचे आपले गाव. नाटक आणि तमाशा आपल्याकडे घरोघरी बोलण्यात असतो. यात्रेतल्या नाटकात विंगेत वही घेऊन बसलेला प्रॉम्प्टर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. नट अडखळला की तो हळूच आठवण देतो, आता तुझे वाक्य आहे. संगणकाचा प्रॉम्प्ट तेच करतो. माझे काम झाले, आता तू बोल. फरक इतकाच की हा प्रॉम्प्टर वाक्य सांगत नाही. वाक्य आपल्यालाच पाठ असावे लागते.

आता ‘सी’ का? वर्गात एकाने विचारले होते, "सर, ए आणि बी कुठे गेले?" प्रश्नावर हशा पिकला, पण प्रश्न अगदी बरोबर होता. १२ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यात हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपीच्या दोन खाचा असायच्या, त्यांना ए आणि बी ही नावे. १९८३ च्या एक्सटी मॉडेलमध्ये दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. आज मोबाईलवर काढलेले दोन-तीन फोटो त्यात जेमतेम मावतील. तिला पुढचे मोकळे अक्षर मिळाले, सी. फ्लॉपी जाऊन जमाना झाला, ए आणि बीची घरे ओस पडली, पण सीने आपली जागा सोडली नाही.

अक्षरांची ही पद्धत त्याहूनही जुनी. गॅरी किल्डॉल या संशोधकाने १९७४ च्या सुमारास सीपीएम नावाची प्रणाली बनवली होती, तिच्या पडद्यावरही अक्षर आणि बाणासारखे चिन्ह येत असे. तिच्याच धर्तीवर १९८० मध्ये सिॲटलच्या एका छोट्या कंपनीत टिम पॅटरसन याने घाईघाईने एक प्रणाली लिहिली. तिचे पहिले नाव क्यूडॉस, म्हणजे ‘क्विक अँड डर्टी’, आपल्या भाषेत जुगाड. मायक्रोसॉफ्टने ती १९८१ मध्ये विकत घेतली आणि आयबीएमच्या यंत्रात घातली. हाच आपला डॉस. सीच्या पुढे दिसणारी उलटी तिरकी रेघसुद्धा अशाच अडचणीतून आली. १९८३ च्या डॉसमध्ये पहिल्यांदा फाइली कप्प्याकप्प्यांत ठेवायची सोय झाली, पण कप्पे दाखवायला लागणारी सरळ तिरकी रेघ आधीच दुसऱ्या कामाला लावलेली होती. मग ती उलटी करून वापरली. जगातले कोट्यवधी लोक आजही ती उलटीच टाइप करतात.

क्लासमधल्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या हातून जे झाले ते इतक्या वर्षांत मी कुणालाच सांगितलेले नाही. फ्लॉपीतल्या सरावाच्या फाइली पुसायच्या होत्या. ‘डेल, स्टार, डॉट, स्टार’ अशी आज्ञा द्यायची. मी ती दिली, पण मी फ्लॉपीवर नव्हतोच. सीमधल्या एका कप्प्यात उभा होतो आणि मला ते समजले नाही. यंत्राने विचारलेसुद्धा: सगळ्या फाइली पुसल्या जातील, नक्की ना? वाय की एन? आम्हाला सवय होती वाय दाबायची. मी वाय दाबले. वर्डस्टारच्या बॅचने महिनाभर टाइप केलेली पत्रे त्या कप्प्यात होती.

माझा चेहरा पाहूनच क्लासच्या सरांना कळले. ते ओरडले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, "कशालाच हात लावू नको. काही नवीन सेव्ह करू नको. आता बघ." त्यांनी ‘अनडिलीट’ अशी आज्ञा दिली आणि पडद्यावर एकेक नाव यायला लागले, पण प्रत्येक नावाचे पहिले अक्षर गायब. तिथे फक्त प्रश्नचिन्ह. डॉस फाइल पुसतो म्हणजे काय करतो, तर यादीतल्या तिच्या नावाचे पहिले अक्षर खोडून तिथे खूण करतो आणि तिची जागा मोकळी झाल्याचे नोंदवतो. मजकूर तिथेच पडून असतो, दुसरे काही येऊन त्यावर बसेपर्यंत. म्हणून परत आणताना यंत्र आपल्याला विचारते, हिचे पहिले अक्षर कोणते होते? नाव आठ अक्षरांपेक्षा मोठे ठेवता येत नसे, त्यामुळे सगळी नावे काटछाट केलेली. त्या बॅचची हजेरी वही समोर घेऊन सर आणि मी तासभर पहिली अक्षरे शोधत बसलो. दोन सोडून सगळी पत्रे परत मिळाली. माझे कॉम्प्युटरचे खरे शिक्षण त्या तासात झाले. पुसलेले सगळे लगेच जात नाही, आणि यंत्राला नेमके काय विचारायचे हे माहीत असले तर ते सांगते, हे मी तिथे शिकलो.

तेव्हा मला ठाऊक नव्हते, पण याच काळ्या पडद्यावर आपल्या जिल्ह्यात मोठी कामे चालली होती. डॉसला फक्त इंग्रजी यायची. देवनागरी दिसावी म्हणून कानपूरच्या आयआयटीत जिस्ट या नावाने संशोधन सुरू झाले आणि पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. हे सी-डॅक १९८८ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. परम या महासंगणकामुळे त्याचे नाव सगळ्यांना माहीत आहे. पण माझ्या मते जिस्टचे काम सामान्य माणसाच्या अधिक जवळचे होते. संगणकात एक जादा कार्ड बसवायचे आणि इंग्रजीसाठी बनलेल्या त्याच डॉसच्या प्रोग्रॅममध्ये मराठी टाइप करायची. ऑफिसात पहिल्यांदा मराठी अक्षर पडद्यावर पाहिलेल्या कारकुनाला त्याचे काय वाटले असेल, हे इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आपल्या मुलांना कळणार नाही.

दुसरे काम व्हायरसचे. १९९० मध्ये भारतात एक व्हायरस सापडला, त्याचे नाव जगभर ‘जोशी’ असेच नोंदले गेले. तो फ्लॉपीतून पसरायचा आणि वर्षभर गप्प बसायचा. ५ जानेवारीला मशिन चालू केले की ते अडून बसायचे आणि पडद्यावर मागणी यायची: ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करा. निमूटपणे टाइप केले की काम पुढे चालू! हे जोशी कोण, कुठले, कुणाला सापडले नाही. आपल्या वर्गात दोन जोशी होते, दोघांनाही मी विचारून झाले आहे.

असल्या व्हायरसांवर उपाय शोधणाऱ्यांत पुण्यातले दोन भाऊ होते. कैलाश काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. त्यांचे शिक्षण दहावीनंतर थांबले, कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात काम केले, मग स्वतःचे दुकान काढले. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते. दुरुस्तीला येणारी मशिन व्हायरसनेच बिघडलेली असतात, हे लक्षात आल्यावर संजय यांनी व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले. नव्वदीच्या दशकाच्या मध्याला त्यातून क्विक हील तयार झाले, पहिल्यांदा डॉसवरच. २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. दहावीच्या मार्कांवर आयुष्य ठरते असे आपल्याला सांगितले जायचे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मग विंडोज आले आणि काळी खिडकी हळूहळू मागच्या खोलीत गेली. सुरुवातीच्या विंडोजमध्ये मालक डॉसच होता. काळ्या पडद्यावर ‘विन’ असे टाइप करून एंटर मारले की विंडोज उघडायचे. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले आणि नाते उलटे झाले. मशिन सरळ विंडोजमध्ये सुरू व्हायचे आणि डॉस हवा असेल तर स्टार्टवर क्लिक, मग प्रोग्रॅम्स, मग एमएस-डॉस प्रॉम्प्ट. घरमालक भाडेकरू झाला. २००१ मध्ये एक्सपी आले, त्यात खाली डॉस उरलाच नाही. एक्सपीचा पाया विंडोज एनटी नावाच्या वेगळ्या प्रणालीचा, आणि तिच्यात सीएमडी नावाची, डॉससारखी दिसणारी, डॉसच्याच आज्ञा समजणारी नवी खिडकी होती. आज आपण पाहतो ती हीच. अजूनही लोक तिला डॉस म्हणतात, मीही कधी कधी म्हणतो, पण ते चूक आहे.

एक्सपीमध्ये तिचा पत्ता आणखी आत गेला: स्टार्ट, ऑल प्रोग्रॅम्स, ॲक्सेसरीज आणि मग कमांड प्रॉम्प्ट. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये तर स्टार्टचे बटणच काढून टाकले, आणि मला ऑफिसमधून दिवसाला दहा फोन यायचे, "कॉम्प्युटर बंद कुठून करायचा?" विंडोज १० मध्ये ती ‘विंडोज सिस्टिम’ नावाच्या कप्प्यात, विंडोज ११ मध्ये ‘विंडोज टूल्स’मध्ये. पण एक रस्ता इतक्या वर्षांत बदललेला नाही. कीबोर्डवरचे विंडोजचे बटण दाबून धरायचे, आर दाबायचा, जी छोटी चौकट येते तिच्यात सीएमडी ही तीन अक्षरे टाइप करायची आणि एंटर. घर कितीदा बदलले तरी मागचे दार तेच.

आपल्या पिढीचे नेमके या अदलाबदलीत काय झाले, ते मला सांगायचे आहे. २००१ मध्ये राज्यात एमकेसीएलची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी एमएस-सीआयटी आले. सरकारी नोकरीसाठी ते लागू लागले, तालुक्यातालुक्यांत केंद्रे उघडली. आपल्या वर्गातल्या कित्येक मुलींनी लग्नानंतर, कडेवर मूल घेऊन तो कोर्स केला आहे, आणि त्यातल्या तिघी आज नोकरीत आहेत. त्या कोर्सचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्यात संगणक म्हणजे विंडोज, वर्ड, एक्सेल आणि इंटरनेट. काळ्या खिडकीला त्यात फारसे स्थान नव्हते आणि असण्याचे कारणही नव्हते. सायबर कॅफेवाले तर ती कुलूप लावूनच ठेवत. उघडायला गेले की "ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केली आहे" असा संदेश. त्यामुळे माझ्यानंतर चार-पाच वर्षांनी शिकलेल्यांनी ती पाहिली ती फक्त काहीतरी बिघडल्यावर. मग ती दिसली की बिघाड, असे समीकरण डोक्यात बसले. "काळं काहीतरी आलंय, मी बंदच करून टाकला," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की मोजणे सोडून दिले.

आता या स्मरणिकेची गोष्ट. आपले गणिताचे सर निवृत्तीनंतर कवठ्यातच असतात. जुने फोटो गोळा करायचे काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतले. दहा-बारा घरांतून फोटो मिळवले, स्कॅन करून एका पेन ड्राइव्हमध्ये भरले आणि मूळ फोटो ज्याचे त्याला परतही करून टाकले. त्यातले एक घर नंतर नव्याने बांधायला काढले आणि सामानाच्या हलवाहलवीत त्यांचा अल्बम भिजून गेला. म्हणजे काही फोटो जगात फक्त त्या पेन ड्राइव्हमध्ये होते. मजकूर जुळवण्यासाठी पेन ड्राइव्ह एका डीटीपीच्या दुकानात जाऊन आला आणि रात्री नऊ वाजता सरांचा मला फोन.

"अरे, सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत. उघडत नाहीत. दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारा."

"सर, फॉरमॅट करू नका. आता त्याला हातच लावू नका." बोलून झाल्यावर लक्षात आले, हे वाक्य माझे नाही, घोडनदीच्या क्लासमधले आहे.

हा प्रकार पेन ड्राइव्ह वापरणाऱ्या अनेकांनी पाहिला असेल. हा व्हायरस फाइली पुसत नाही. खऱ्या फोल्डरवर ‘लपलेले’ आणि ‘सिस्टिमचे’ असे दोन शिक्के मारतो आणि त्याच नावाचे खोटे शॉर्टकट पुढे मांडतो. त्यावर डबल क्लिक केले की तो आपल्या मशिनमध्ये शिरतो. शिक्के काढायचे एक जुने अवजार डॉसच्या काळापासून आहे, ‘ॲट्रिब’ नावाची आज्ञा. सरांच्या घरी मुलाचा जुना लॅपटॉप होता. मी म्हटले, आपण फोनवरच करू.

"सर, डावीकडे खाली, चार चौकोनांची खिडकी काढलेलं बटण आहे बघा. ते दाबून धरा आणि आर दाबा."

"कॅपिटल आर का स्मॉल?"

"कसाही चालेल, सर."

सीएमडी टाइप करून एंटर मारल्यावर पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "काळं झालं रे."

"बरोबर झालं, सर. तेच हवं होतं."

पेन ड्राइव्हचे अक्षर एफ होते. मी एकेक अक्षर सांगत गेलो: ॲट्रिब, स्पेस, वजा एच, स्पेस, वजा आर, स्पेस, वजा एस, मग तिरकी रेघ एस, तिरकी रेघ डी, मग एफ, कोलन, उलटी रेघ, स्टार, डॉट, स्टार. एच म्हणजे लपलेला, एस म्हणजे सिस्टिमचा, आर म्हणजे फक्त वाचायचा. वजा म्हणजे तो शिक्का काढा. गणिताच्या सरांना वजा समजावून सांगावे लागले नाही. पण पहिल्या वेळी वजा एस राहिला आणि यंत्राने "नॉट रीसेटिंग सिस्टिम फाइल" अशी ओळींमागून ओळ काढली. दोन्ही शिक्के असतील तर ॲट्रिब त्यातला एकच काढू देत नाही. सर म्हणाले, "एक पद गाळलं की उत्तर चुकणारच." पुन्हा टाइप केले. एंटर.

"काहीच झालं नाही. नुसतं परत पहिल्यासारखं आलंय."

इथे मला हसू आले. काळ्या खिडकीची ही रीत आहे: काम बिनसले तर ती बोलते, काम झाले तर गप्प राहून पुढचा प्रॉम्प्ट देते. मी त्यांना ‘डीआयआर’ टाइप करून यादी काढायला सांगितली. मी ऐकत होतो. सर वाचत होते, "गॅदरिंग आहे... स्पोर्ट्स आहे... आणि हे एक काय आहे? नुसते चौकोन. एक, दोन, तीन, चार, पाच चौकोन."

"तुम्ही मराठीत नाव दिलेला फोल्डर असेल, सर. या खिडकीला देवनागरी नीट दाखवता येत नाही."

"मराठीत एकच दिलं होतं. निघोज. पण ती अक्षरं तर तीनच. पाच चौकोन कसे?"

"न, त्याची वेलांटी, घ, त्याचा काना-मात्रा, आणि ज. यंत्र ते पाच मोजतं."

सर बोटांवर मोजत असावेत. मग म्हणाले, "बरोबर आहे."

खोटे शॉर्टकट काढून टाकले, लॅपटॉप अँटिव्हायरसने तपासला, आणि झोपण्याआधी सगळे फोल्डर दुसऱ्या ठिकाणी कॉपी करून घ्यायला लावले. त्या पाच चौकोनांत आठवीच्या सहलीचे अकरा फोटो होते. निघोजच्या कुंडावर रांजणखळग्यांच्या कडेला आपण रांगेत उभे आहोत, सरांच्या हातात काठी आहे, आणि मागे आपल्यातून लवकर गेलेला आपला मित्र जीभ काढून दाखवतो आहे. अल्बम भिजला तो त्याच्याच घरचा. तो फोटो या स्मरणिकेत मधल्या पानांवर छापला आहे.